परावर्तक दुर्बिणीच्या आरशातील दोष व त्यांचे निवारण

परावर्तक दुर्बिणीमध्ये प्रकाश गोळा करण्याचे व त्याचे बिंब उमटविण्याचे कार्य मुख्य आरसा करतो. काचेच्या जाड तबकडीचा वरचा पृष्ठभाग अन्वस्ताकार खोलगट घासून त्यावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा चढविलेला असतो. प्रकाश काचेत शिरत नाही. पृष्ठभागावरूनच तो परत फिरतो. त्यामुळे भिंगाच्या दुर्बिणीत जाणवणारा रंगदोष येथे मुळीच उद्भवत नाही. परंतु ह्या गुणाची किंमतही मोजावी लागते. पृष्ठभागावर अल्पसा उंचवटा असला, तर जाताना एकदा व येताना एकदा असा प्रकाशाच्या मार्गात त्याच्या दुप्पट फरक पडतो. हा फरक तरंगलांबीच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये, असा लॉर्ड रॅले ह्यांचा निकष आहे. म्हणजेच पृष्ठभागाची चूक तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाच्या आत हवी. पिवळसर हिरव्या प्रकाशाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ७० नॅनोमीटर, अर्थात मानवी केसाच्या जाडीचा जवळजवळ हजारावा भाग, एवढीच येते.

डोळ्याने वेध घेताना ही कसोटी थोडी सैल झाली तरी चालते, कारण क्षणभर स्थिर दिसलेले बिंब निरीक्षक मनात टिपून घेतो व अस्थिर क्षण सोडून देतो. छायाचित्रणात तशी सवड नाही. पूर्वीची प्रकाशसंवेदी प्लेट असो किंवा आजचा इलेक्ट्रॉनी संवेदक असो, उद्भासनाच्या संपूर्ण काळातील चांगलेवाईट सर्व काही त्यावर साठत जाते. शिवाय दीर्घ उद्भासनामध्ये दुर्बीण ताऱ्यांमागून हळूहळू वळत असते. आरशाचा कल बदलतो, त्याच्या वजनाची दिशा बदलते आणि भोवतालची हवा गार होत जाते. संध्याकाळी निर्दोष असलेला आरसा मध्यरात्रीही तसाच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

छायाचित्र बिघडले म्हणजे आरसा चुकीचा घासला गेला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह सहज होतो. वस्तुतः दोषाची उगमस्थाने चार आहेत: आरशांची परस्पर-जुळणी, तापमान, आरशाचे आधार आणि अखेरीस पृष्ठभागाचा प्रत्यक्ष आकार. पहिली तीन काचेच्या बाहेरची असून त्यांवरील उपाय मागे घेता येतात. चौथ्यावरील उपाय मात्र काच झिजवण्याचा आहे, आणि झिजलेली काच परत बसविता येत नाही. म्हणून दोषांचा शोध ह्याच क्रमाने घेणे आवश्यक असते.

जुळणीचा दोष ओळखण्यास सर्वांत सोपा. मुख्य आरशाचा अक्ष दुय्यम आरशाच्या व प्लेटच्या मध्याशी जुळत नसेल, तर क्षेत्राच्या मध्यभागीही ताऱ्यांना धूमकेतूसारखे शेपूट फुटते आणि ही शेपटे एकाच दिशेला वळलेली असतात. ह्या दोषास कोमा म्हणतात. आरशामागील स्क्रू फिरवून तो दूर करता येतो. मात्र मध्यापासून दूर गेलेल्या ताऱ्यांची शेपटे जर सर्व बाजूंनी त्रिज्येच्या दिशेत बाहेर वळलेली असतील, तर तो घडणीचा दोष नव्हे. अन्वस्ताकार पृष्ठाचा तो अंगभूत धर्म आहे. त्यावरील उपाय म्हणजे प्लेटच्या अलीकडे दोषशोधक भिंगांचा संच बसविणे.

तापमानाच्या दोषाची ओळख अशी की, तो वेळेबरोबर बदलतो. ह्याचे संस्मरणीय उदाहरण माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीचे आहे. १९१७ च्या नोव्हेंबरातील पहिल्या रात्री जॉर्ज एलरी हेल व वॉल्टर ॲडम्स ह्यांनी ती गुरूकडे वळविली, तेव्हा एका बिंबाऐवजी एकमेकांवर चढलेली अनेक बिंबे दिसली. वर्षानुवर्षांचे श्रम वाया गेले, असे उपस्थितांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु दिवसा काम चालू असताना घुमट उघडा राहिला होता व आरशावर ऊन पडले होते, हे ध्यानात आले. काही तास थांबण्यापलीकडे उपाय नव्हता. उत्तररात्री पुन्हा पाहिले तेव्हा आरसा निवला होता आणि ताऱ्याचे बिंब सुईच्या अग्रासारखे रेखीव झाले होते. त्या रात्री कोणी घाईने काचेला दोष दिला असता, तर एक उत्तम आरसा विनाकारण पुन्हा घासला गेला असता.

आधारांचा दोष अधिक फसवा असतो. काच घन दिसली तरी ह्या सूक्ष्म मापात ती लवचिकच असते. कडेच्या तीन पकडी जास्त आवळल्या, तर ताऱ्याचे बिंब त्रिकोणी होते. पाठीमागचे आधार विषम असले, तर आरसा एका दिशेत किंचित वाकतो व अबिंदुकता उत्पन्न होते: नाभीच्या अलीकडे बिंब एका दिशेत लांबट, तर पलीकडे त्याच्याशी काटकोनात लांबट दिसते. येथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. आरसा त्याच्या खोबणीत ९० अंशांनी फिरवून पुन्हा छायाचित्र घ्यावे. बिंबाची लांबट दिशा आरशाबरोबर फिरली, तर दोष काचेत आहे. जागीच राहिली, तर तो आधारांत अथवा अन्यत्र आहे. याउलट आरसा खोबणीत अगदीच सैल असला, तर तो उद्भासन चालू असताना सरकतो आणि दुर्बिणीची गती बिनचूक असूनही ताऱ्यांच्या जागी रेघा उमटतात.

हे तिन्ही दोष वगळल्यानंतरच पृष्ठभागाच्या आकाराचा प्रश्न उरतो. नाभीच्या अलीकडील व पलीकडील बिंबे परस्परांसारखी नसणे, हे त्याचे लक्षण. परीक्षणासाठी फूकोची सुरीची कसोटी प्रसिद्ध आहे. हार्टमान ह्यांच्या पद्धतीत आरशावर अनेक छिद्रे असलेला पडदा ठेवून नाभीपासून किंचित दूर छायाचित्र घेतात व प्रत्येक छिद्रातून आलेला किरण कोठे पडला हे मोजतात. त्यावरून कोणता भाग किती उंच वा खोल आहे, हे ठरते.

ह्या क्रमाचे महत्त्व पालोमार पर्वतावरील २०० इंची हेल दुर्बिणीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. ह्या दुर्बिणीसाठी १९२८ मध्ये साठ लाख डॉलरचे अनुदान मंजूर झाले. पायरेक्स काचेची तबकडी डिसेंबर १९३४ मध्ये ओतण्यात आली आणि १९३६ मध्ये ती रेल्वेने पॅसाडेना येथे पोहोचली. साध्या काचेपेक्षा पायरेक्स उष्णतेने सुमारे एक-तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तिची निवड झाली होती. घासकाम चालू असतानाच १९३८ मध्ये हेल निवर्तले. पुढे महायुद्धामुळे काम थांबले. नोव्हेंबर १९४७ मध्ये आरसा पर्वतावर नेण्यात आला व ३ जून १९४८ रोजी दुर्बिणीचा समर्पणसमारंभ झाला. समारंभ झाला, पण बिंब मात्र अपेक्षेइतके रेखीव नव्हते.

वेधशाळेचे संचालक आयरा बोवेन ह्यांनी काचेला हात न लावता प्रथम आधारांकडे लक्ष दिले. साडेचौदा टनांचा हा आरसा पाठीमागील खाचांत बसविलेल्या ३६ आधारयंत्रणांवर तोललेला आहे. दुर्बीण खमध्याकडून क्षितिजाकडे झुकू लागली की, तरफा व प्रतिभार ह्यांच्या योगे प्रत्येक यंत्रणेने आपल्या वाट्याचे वजन बिनचूक उचलावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात त्यांतील घर्षणामुळे काही यंत्रणा मागे राहत व आरसा सूक्ष्म प्रमाणात वाकत असे. घर्षण कमी करण्यासाठी त्या सुधारण्यात आल्या. तरीही थोडी अबिंदुकता उरली. तिच्यावरील उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा होता: मासे तोलण्यास वापरतात तसले ताणकाटे आरशाच्या कडेशी जोडून त्यांच्या ओढीने काच किंचित उलट दिशेने वाकविण्यात आली. कोट्यवधींच्या यंत्राला बाजारातल्या ताणकाट्याने आधार दिला!

त्यानंतर जो दोष शिल्लक राहिला तो खरोखर काचेतील होता. कार्यशाळेत आरसा उभा करून तपासला जात असे. दुर्बिणीत आडवा झाल्यावर कड थोडी खाली बसेल ह्या अपेक्षेने ती हेतुतः किंचित उंच ठेवली होती. पण कड अपेक्षेप्रमाणे बसली नाही. आता मात्र घासण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९४९ मध्ये डॉन हेंड्रिक्स ह्यांनी आरशावरील मुलामा काढून कडेचा भाग लहान साधनांनी अत्यंत सावकाश झिलई करीत उतरविला. एका इंचाच्या काही दशलक्षांश भागांचाच हा प्रश्न होता. थोडे घासावे, काच निवू द्यावी, ताऱ्यावर परीक्षण करावे व मगच पुढचा हात फिरवावा, असा हा क्रम होता. एखादा फटका अधिक पडला असता, तर कडेऐवजी सबंध पृष्ठभाग तिच्या पातळीपर्यंत खाली आणावा लागला असता. काम पार पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुर्बीण नियमित वेधांस सिद्ध झाली. एडविन हबल ह्यांनी २६ जानेवारी १९४९ रोजी घेतलेले एनजीसी २२६१ ह्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र मात्र ह्या अखेरच्या झिलईच्या पूर्वीचे आहे.

जेथे काचेला हात लावणेच अशक्य, तेथे काय करावे, ह्याचे उत्तर पुढे हबल अवकाश दुर्बिणीने दिले. २४ एप्रिल १९९० रोजी प्रक्षेपित झालेल्या ह्या दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अतिशय गुळगुळीत होता. पण त्याचा आकार चुकीचा होता. कड सुमारे २.२ मायक्रोमीटर अधिक सपाट घासली गेली होती. कारण, परीक्षणयंत्रातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या साध्या परीक्षणांत दोष दिसला होता. परंतु मुख्य यंत्र अधिक सूक्ष्म म्हणून त्याच्यावरच विश्वास ठेवला गेला. चूक नेमकी कळल्यामुळे तिच्या बरोबर उलट चूक असलेले लहान आरसे तयार करता आले व डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते दुर्बिणीत बसविले.

दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच आहे. आरशाचा दोष दूर करणे ही मुख्यतः हातांची कला नसून निदानाची कला आहे. पालोमार येथे निदान योग्य क्रमाने झाले, म्हणून थोडक्या झिलईने काम भागले. अवकाश दुर्बिणीच्या बाबतीत परीक्षणाची उलटतपासणी झाली नाही, म्हणून निर्दोष हातांनी सदोष आरसा घडविला. सहा इंची आरसा स्वतः घासून छायाचित्रे घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच नियम लागू पडतो. तारे लांबट आले, तर त्याने प्रथम जुळणी पाहावी, आरसा तासभर हवेत निवू द्यावा, पकडी सैल कराव्यात, आरसा खोबणीत फिरवून पुन्हा छायाचित्र घ्यावे आणि दोन भिन्न कसोट्यांनी एकच दोष दाखविल्याखेरीज झिलईचे साधन हाती घेऊ नये.