डाव्या हाताची लेखणी

मंडळाच्या मराठी वर्गातून आमची मुलगी घरी आली की वही बघण्याआधी आम्ही तिचा डावा तळहात बघायचो. करंगळीपासून मनगटापर्यंत निळा दिसला म्हणजे त्या दिवशी भरपूर लेखन झाले असे समजायचे! पण मागल्या वर्षी तिने जाहीर केले, "मला मराठी लिहायचंच नाही. सगळं फासतं." तेव्हा मात्र आमचे हसू थांबले.

दर १० माणसांत साधारण एक डावखुरा असतो, म्हणजे मंडळाच्या प्रत्येक पंगतीत दोन-चार तरी असणारच. मराठी काय, इंग्रजी काय, दोन्ही डावीकडून उजवीकडे लिहायच्या. उजवा हात कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो, डावा हात मात्र नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून. शिवाय उजव्या हाताचे पेन कागदावर ओढले जाते आणि डाव्याचे ढकलले जाते. म्हणून शाईच्या पेनचे निब कागदात रुतते. आपल्या देवनागरीत तर वर शिरोरेषाही द्यायची असते.

यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे हात बदलणे. आम्हा दोघांपैकी एकाचा हात लहानपणी असाच बदलला गेला. शाळेत पट्टी आणि घरी आजीची हाक, "उजव्या हातानं!" परिणाम असा की त्या हाताचे अक्षर आजतागायत वाणसामानाच्या यादीपुरतेच राहिले आणि घरची पत्रे दुसऱ्यानेच लिहायची असा शिरस्ता पडला. मुलीच्या बाबतीत तेच करायचे का, यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. एक म्हणे, "लहान वयात वळण लागतं." दुसरा म्हणे, "मला लागलंय तसं?" शेवटी असे ठरले की प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा आणि लेखणी डाव्या हाताने धरायची.

महात्मा गांधींनी १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिले. २७५ पानांच्या त्या हस्तलिखितातली सुमारे ४० पाने, उजवा हात दमल्यावर, डाव्या हाताने लिहिलेली आहेत. आपला सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हाताने धरतो, पण लिहितो डाव्याने. ही दोन नावे ऐकल्यावर आजीचा विरोध निम्म्याने कमी झाला.

आता लाकडी पेनाविषयी. आमच्या बेसमेंटमध्ये एक लहान लेथ आहे. भारतातून आणलेले शिसवी लाटणे त्याच सुमारास चिरले. टाकवेना, म्हणून त्याचेच पेन करायचे ठरवले. मुळात ते लाटणे कुणा कातारी कारागिराने कातलेले, तेव्हा ते पुन्हा लेथवर चढले एवढेच.

कृती अशी. लाकडाची पाऊण इंच जाडीची पट्टी कापून तिचे दोन तुकडे करायचे. प्रत्येकातून लांबीच्या दिशेने ७ मिलिमीटरचे भोक पाडून आत पितळी नळी चिकटवायची. टोके काटकोनात सपाट केली की दोन्ही तुकडे मँड्रेल नावाच्या सळईवर चढवून लेथ सुरू करायचा आणि धारदार पटाशीने कातत जायचे. मग १५० पासून ६०० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर, वर पॉलिश, आणि शेवटी किटमधले टोक, क्लिप आणि फिरकी दाबून बसवायची. सरावाने हे एका संध्याकाळचे काम आहे. आमचा पहिला तुकडा ड्रिल घाईने घातल्यामुळे तापून तडकला. दुसरा कातता कातता पितळ दिसू लागले. तिसरा जमला.

घरी केल्याचा फायदा म्हणजे हाताप्रमाणे आकार देता येतो. दोन्ही टोकांशी जाडी किटइतकीच ठेवावी लागते, पण बोटे टेकतात तिथे थोडे पोट सोडले की मूठ आवळून धरावे लागत नाही. मुलीला पेन धरायला लावून आम्ही तीनदा कातले.

पण खरे सांगायचे तर नुसत्या पेनाने काम झाले नाही. कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तिरका ठेवला, म्हणजे त्याचा डावा वरचा कोपरा उंच राहतो. हात ओळीच्या खाली ठेवला आणि पेन टोकापासून इंच-दीड इंचावर धरले. लवकर वाळणाऱ्या शाईची रिफिल घातली. आणि शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर उजवीकडून डावीकडे ओढायची, म्हणजे पेन ढकलावे लागत नाही. महिन्याभरात तळहात स्वच्छ झाला.

मुलीने पुण्याला आजीला दोन पानी पत्र लिहिले. आजींचा फोन आला. "कुठल्या हातानं लिहिलंय?" आम्ही खरे ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षर तिच्या बापापेक्षा बरं आहे. त्यालाही एक करून दे म्हणावं."

उरलेल्या लाटण्याचे दुसरे पेन झाले आहे. रोज रात्री त्या दोघांची एकेक ओळ डाव्या हाताने चाललेली असते. बापाची ओळ अजून फासते.

कुणाकडे चिरलेले पोळपाट-लाटणे असेल आणि घरात डावखुरे मूल असेल, त्यांनी शनिवारी दुपारी जरूर यावे. मात्र बाह्या दुमडून, ओढणी आणि बांगड्या घरी ठेवून यावे. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क आम्ही देऊ, कारण शिसवीचा भुसा काहींना बाधतो. चहा आहेच.