अंगावर पित्त उठते तेव्हा

जेवून उठल्याला तास झाला नाही तोच एखाद्या मुलाचे हात खाजू लागतात. बघता बघता दंडावर, पोटावर, पाठीवर लालसर गांधी उमटतात. डास चावल्यासारख्या, पण कितीतरी मोठ्या. ‘पित्त उठलंय,’ असे म्हणून आजी आमसुले भिजत घालते आणि ते पाणी अंगाला चोळते. काही तासांत गांधी मावळतात. आमसुलाचा गुण आला, असे सगळे म्हणतात.

गार पाण्याने बरे वाटते हे खरे. परंतु बहुतेक गांधी काही न लावताही काही तासांत आपोआप मावळतात. आणि पित्ताचे म्हणाल, तर यकृतात तयार होणारे पित्त या प्रकरणात कोठेच नसते. मग हा उठाव करतो तरी कोण?

त्याचा माग काढायला एक साधा प्रयोग करून पाहा. हाताच्या आतल्या बाजूवर फूटपट्टीच्या बोथट कडेने, कातडी खरवडणार नाही अशा बेताने, जरा दाबून एक रेघ ओढा. थोड्याच वेळात रेघ लाल होते. मग तिच्या दोन्ही बाजूंना फिकट लाली पसरते. काही जणांच्या हातावर तर ती रेघ चक्क फुगून वर येते. (सावळ्या कातडीवर लाली कमी दिसते, पण फुगवटा बोटाला जाणवतो.) थॉमस लुइस या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञाने कातडीच्या या तिहेरी प्रतिसादाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२७ साली त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की डिवचलेली कातडी स्वतःच एक पदार्थ सोडते, आणि तो पदार्थ हिस्टामीनसारखा असतो.

हिस्टामीनचे गुणधर्म त्याआधीच, १९१० साली, हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी तपासले होते. हिस्टामिनामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून कातडी लाल होते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातील पाणी बाहेर झिरपते, म्हणून ती फुगते. मज्जातंतूंची टोके उद्दीपित होतात, म्हणून खाज सुटते. गांधीची तिन्ही लक्षणे एकाच पदार्थाने घडतात. पण हा पदार्थ कातडीत साठवलेला असतो कोठे?

त्या कोठाराचा शोध फार पूर्वीच लागला होता. मात्र आत काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. १८७८ साली पॉल एर्लिख हा चोवीस वर्षांचा जर्मन तरुण लाइपझिग विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होता. कापडगिरण्यांत वापरले जाणारे अ‍ॅनिलीनचे नवे रंग शरीरातील ऊतींवर टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. त्याला काही पेशी कणांनी गच्च भरलेल्या आढळल्या. या कणांवर पडताच रंगाची छटाच पालटे! पेशी चांगल्या खाऊनपिऊन पुष्ट झाल्या असाव्यात असे वाटून त्याने त्यांना ‘मास्ट’ पेशी म्हटले. चारून पुष्ट करणे या अर्थाचा हा जर्मन शब्द. एर्लिखला पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल. पण त्या कणांत हिस्टामीन असते हे कळायला १९५३ साल उजाडावे लागले. जेम्स रायली व जॉफ्री वेस्ट या ब्रिटिश संशोधकांनी ते दाखवून दिले.

आता खरा प्रश्न. मास्ट पेशी तुमच्या-आमच्या सर्वांच्याच कातडीत आहेत. मग कोळंबी खाऊन एकालाच पित्त का उठावे?

१९२१ साली जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे दोन डॉक्टरांनी याचा छडा लावण्यासाठी स्वतःवरच प्रयोग केला. हाइन्झ क्युस्टनर याला मासे चालत नसत. त्याच्या रक्तातील रक्तद्रव काढून कार्ल प्राउसनिट्झ याने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउसनिट्झला माशाची बाधा होत नसे, तरीही तेवढ्याच जागी खाजरी गांध उठली! रक्तद्रवातून ‘काहीतरी’ एकाकडून दुसऱ्याकडे गेले होते. (रक्तातून रोग पसरतात, म्हणून हा प्रयोग आज कोणी करीत नाही, तुम्हीही करू नये.) ते ‘काहीतरी’ म्हणजे एक प्रतिपिंड, हे १९६६-६७ मध्ये अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधले. त्याला आयजीई असे नाव मिळाले.

शरीराच्या संरक्षणाची दोन दले आहेत. एक उपजत दल. मास्ट पेशी, रक्तातील इओसिनोफिल पेशी इत्यादी त्यात येतात. त्यांना शिकवावे लागत नाही. संकटाची चाहूल लागताच त्या तुटून पडतात. दुसरे दल अनुभवातून शिकणारे. ते प्रत्येक शत्रूची खूण लक्षात ठेवून त्याच्यासाठी नेमके प्रतिपिंड घडवते. ॲलर्जीत या दुसऱ्या दलाची चूक होते. कोळंबीतल्या निरुपद्रवी प्रथिनाला ते शत्रू ठरवते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करते. हे आयजीई मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर हजारोंच्या संख्येने जाऊन बसते. पुढच्या खेपेला कोळंबीचे प्रथिन आले, की ते शेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडते, आणि काही क्षणांत मास्ट पेशी आपले कण बाहेर फेकते. चूक शिकणाऱ्या दलाची, पण गोळीबार करते उपजत दल.

गांध काही तासांची पाहुणी असते. परंतु इसब, विशेषतः लहान मुलांना होणारे ॲलर्जीचे इसब, वर्षानुवर्षे छळते. गुडघ्यामागे, कोपराच्या लवणीत कातडी कोरडी पडते, जाड होते, चिरते. येथे आधी तटबंदीच कच्ची असते. कातडीच्या वरच्या थराला बळकटी देणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका वाढतो, असे २००६ साली दिसून आले. कच्च्या तटातून धूळ, जंतू आत शिरतात आणि कातडीच्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. ते ऐकून जागी होणारी उपजत दलाची एक नवीच पेशी २०१० साली उजेडात आली. तिला ‘दुसऱ्या गटाची उपजत लसिका पेशी’ म्हणतात. ही पेशी पुढे संदेश धाडते, मग रक्तातून इओसिनोफिल येतात, आणि दाह धुमसत राहतो. यांतील दोन संदेशांचा मार्ग अडवणारे डुपिलुमॅब हे औषध २०१७ पासून इसबावर वापरात आले आहे. नुसती हिस्टामीनविरोधी गोळी इसबाच्या खाजेवर फारशी चालत नाही, कारण तेथे खाजेचे संदेश आणखीही अनेक आहेत.

या आगीत तेल ओततात ती आपलीच नखे! अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली उंदरांवरचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. बिब्बा उततो तशी, स्पर्शाने होणारी ॲलर्जी त्यांनी उंदरांच्या कानांवर निर्माण केली. काही उंदरांना मोकळे सोडले, तर काहींच्या गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी अडकवली, म्हणजे त्यांना कान खाजवताच येऊ नये. मोकळ्या उंदरांचे कान चांगलेच सुजले. पट्टीवाल्यांची सूज कितीतरी कमी राहिली. खाजवल्याने कातडीतील वेदनेचे मज्जातंतू एक रसायन सोडतात, आणि तेही मास्ट पेशींना चेतवते, असे आढळले. म्हणजे एकीकडून ॲलर्जी आणि दुसरीकडून नखे, असा मास्ट पेशींवर दुहेरी मारा होतो. ‘खाजवू नकोस’ या आजीच्या सांगण्यामागील कारण हे असे आहे. तथापि त्याच प्रयोगात खाजवण्याने कातडीवरील एका जातीचे जंतू कमी झालेलेही दिसले. खाज ही निसर्गाने अगदीच उगाच दिलेली नाही.

मास्ट पेशीही उगाच दिलेल्या नाहीत. त्यांतील एक विकर सापाच्या आणि मधमाशीच्या विषाचे तुकडे करून उंदरांना वाचवते, असे २००६ साली दिसून आले. विषारी दंशावर धावून जाणारा हा पहारेकरी कोळंबीवर धावतो, एवढीच त्याची चूक. म्हणून त्याला नाहीसे करणे हा उपाय नव्हे. त्याला आवरणे हा उपाय.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. गांधी उठल्या असताना ओठ-जीभ सुजू लागली, धाप लागली किंवा चक्कर आली, तर आमसुलाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा वेळी मिनिटे मोलाची असतात. आणि दुसरी गोष्ट : इसब संसर्गजन्य नाही. वर्गात एखाद्याच्या हातावर इसब असेल तर त्याच्या बाकावर बसल्याने, त्याच्या डब्यातले खाल्ल्याने ते कोणालाही होत नाही. त्याच्या कातडीतले पहारेकरी जरा जास्त दक्ष आहेत, इतकेच. त्या मुलाला खाजेचा त्रास असतोच. दूर सरकून बसणाऱ्या मित्रांचा त्रास तरी त्याला होऊ नये.