अठराशे नव्हे, तेराशे पंचावन्न

वर्धा–आर्वी रस्त्यावरचं आंजी (मोठी) अजून पुरतं जागं झालेलं नाही. गावाबाहेरच्या या वावरात मात्र आम्ही चौघं शेततळ्याच्या काठाशी उकिडवे बसून पाण्याकडे बघतो आहोत. ऑक्टोबर लागलाय. कपाशीची बोंडं फुटू लागलीत, धुऱ्यापलीकडे सोयाबीनची गंजी रचलेली आहे. तळ्यात रोहू, कतला आणि मृगळ. तीन दिवसांपासून मासे मरून वर येताहेत आणि काकांची खाट तळ्याच्या बांधावर आली आहे.

“फवाऱ्याचंच हाय हे,” काका म्हणतात. “बाजूवाल्यानं कपाशी फवारली, अन् वारा इकडंच होता.”

तपासायला आलेला पोरगा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मुंबईत समुद्री माशांच्या काचेच्या टाक्या सांभाळण्याचं काम करून तो गावी परतला आहे. आता आसपासचे शेततळेवाले मासा आजारी दिसला की त्यालाच हाक मारतात. बॅटरीच्या उजेडात तो एकेक प्रश्न टाकतो.

“मेलेले केव्हा दिसते? पहाटे का दुपारी?”

“कवाही.”

“मोठे का लहान?”

“दोन्ही. दिवसाला चार-पाच.”

“बेडकं मेली का?”

काका उत्तर शोधत असतानाच प्लॅस्टिकच्या अस्तरावरून एक बेडूक डुबकन पाण्यात उडी घेतो. पोरगा हसतो. फवाऱ्याचं विष उतरलं असतं, तर बेडकं, पाणकिडे, माशांची पिल्लं, सगळ्यांवर एकदम संक्रांत आली असती. दुसरा संशय प्राणवायूचा. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो ओढतं, म्हणून पहाटे साठा सर्वांत कमी असतो. अशा वेळी मोठे मासे आधी दगावतात आणि उरलेले वर तोंड काढून हवा गिळतात. तो मीटरची तार पाण्यात सोडतो. आकडा लिटरला साडेचार मिलिग्रॅमच्या वर थांबतो. रोहू-कतल्याला पाचच्या आसपास हवा असतो, तीनच्या खाली गेला की जीव घाबरतो. म्हणजे तेही नाही.

पूर्वेला फटफटतं तसा पाण्यातला प्रकार दिसू लागतो. एक रोहू अस्तराला कूस घासून झटक्यात वळतो, पोटाची चांदी चमकते. मग दुसरा तेच करतो.

“खाजवून रायले ते,” पोरगा म्हणतो. “जाळं काढा.”

पहिल्याच फेकीत सात-आठ मासे येतात. तो हात ओले करतो, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच माशाचा पहिला बचाव. रोहू ओल्या गोणपाटावर आडवा होतो. कल्ल्याचं झाकण उचलून तो आत बघतो, लाली ठीक आहे. मग पोटाजवळचा पर बोटानं ताणतो आणि मला जवळ बोलावतो. पराच्या बुडाशी मसुरीच्या डाळीएवढी एक पारदर्शक चकती चिकटली आहे. दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, त्यांच्या खाली दोन गोल चोषक. चिमट्याचं टोक लागताच चकती खवल्यावरून सरसर सरकते. ती उपटल्यावर मागे रक्ताचा लाल टिपका उरतो.

“हे काय हाय?” काका वाकून विचारतात.

“माशाची ऊ. झिंग्याच्या कुळातली. रक्त पिते, अन् तिनं केलेल्या जखमेत दुसरे रोग शिरते.”

चाळीस लिटर पाण्याच्या ड्रममध्ये सव्वा किलो खडा मीठ विरघळतं. उवा उपटलेले मासे एकेक करून त्यात जातात आणि जेमतेम दोन मिनिटांत, आडवे होऊ लागताच, बाहेर येतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत आत झिरपत असतं, समुद्रातल्याच्या अंगातून ते बाहेर निघत असतं. चिकटलेल्या जिवांचंही तसंच. म्हणून पाणी क्षणभर उलटं केलं की मासा तग धरतो आणि बारीक परजीवी गळतात. “मुंबईत आम्ही खाऱ्या माशाले गोड्या पाण्यात बुडवत होतो,” पोरगा सांगतो. “इथं उलटं.”

पण हे झालं हाती लागलेल्या माशांचं. तळ्यातल्या बाकीच्यांसाठी काकांनी बाटली आणून ठेवली आहे. पोरगा लेबल वाचतो: डेल्टामेथ्रिन. कपाशीवरही हेच फवारतात. उवा मरतील, पण मासाही या औषधाला फार नाजूक.

“किती टाकणार होते?”

काका पंपाच्या खोलीच्या भिंतीवरचा कोळशाचा हिशेब दाखवतात. तीस गुणिले तीस, पाणी दोन मीटर, अठराशे घनमीटर. पोरगा कोळसा उचलतो. तळं तीन मीटर खोल आहे आणि त्याचे काठ उतरते आहेत. वर तीस मीटर, तळाशी चोवीस, आजच्या पाण्याच्या पातळीवर अठ्ठावीस. उतार धरून मांडणी केली की उत्तर येतं तेराशे पंचावन्न. अठराशेच्या हिशेबानं औषध पडलं असतं, तर मात्रा एक तृतीयांशानं वाढली असती. काका बाटलीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट करतात.

“मंग तेराशेच्या हिशेबानं टाकू?”

“आज नाही. तेलंगखेडीच्या मत्स्य महाविद्यालयात मासा दाखवू, तिथले सर मात्रा सांगतील.” त्याच्या मनात दुसरी अडचणही आहे. कतला ज्या बारीक पाणपिसवांवर वाढतो, त्या उवेच्याच जातकुळीच्या. औषध दोघींत फरक करणार नाही. समुद्री टाकीत पांढऱ्या ठिपक्यांवर तांबं चालतं, पण ते प्रवाळ आणि झिंगे मारतं, म्हणून आजारी मासा वेगळ्या टाकीत काढतात. इथं वेगळी टाकी कुठून आणायची? साडेतेरा लाख लिटर पाणी सगळ्यांचं एकच.

तोवरचं काम तो नेमून देतो. खाद्य आज बंद. पंपाचं पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं. आणि बांबू रोवायचे, कारण ही ऊ अंडी घालायला मासा सोडून टणक जागा धरते. दर आठवड्याला बांबू काढून कडक उन्हात वाळवायचे, अंडी फुटायच्या आत.

“पण आली कुठून?” मी विचारतो.

पोरगा काकांच्या जाळ्याकडे बोट दाखवतो. मागच्या महिन्यात ते दुसऱ्या तळ्यावर गेलं होतं आणि ओलंच परत आलं होतं. काका काही बोलायच्या आत त्यांचा फोन वाजतो. पलीकडचा माणूस दुपारपुरतं जाळं मागतो आहे.

“आज नाई जमत जी,” काका म्हणतात. “दोन दिस उन्हात वाळू दे, मंग घेऊन जाय. अन् तुह्या तळ्यातून निघालं की तूबी वाळवूनच वापस दे.”