मागच्या जागेवरचा जवान

दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, भारतीय हवाई दलाची व्हेंजन्स बॉम्बफेकी विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. विमानात माणसे दोनच. पुढे वैमानिक, मागे वायरलेसवाला. संदेश त्यानेच घ्यायचे, मागून हल्ला आला तर मशिनगनही त्यानेच चालवायची. नाव मात्र वैमानिकाचे!

वायरलेसला इंग्रजी लागे; आपली मुले तर शाळेच्या दाराबाहेर बसत. फौजेचे बंद दारही बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी उघडले आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

भोर-वेल्ह्याच्या बंधुभगिनींनो, आम्ही विनंती करतो, आजोबांची पत्र्याची पेटी उघडा. फौजेच्या डिस्चार्जच्या कागदावर नंबर, पलटण, हुद्दा सापडेल. वाळवी लागण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा.