नवशिक्यांसाठी सांख्यिकी आज्ञावलीची परिचयपुस्तिका

सांख्यिकीय आकडेमोड करणारी संगणकीय आज्ञावली कितीही समर्थ असली, तरी तिच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावरच वाचक अडखळला, तर त्या सामर्थ्याचा त्याला काहीच लाभ होत नाही. म्हणून परिचयपुस्तिकेचे लेखन हे आज्ञावलीच्या निर्मितीइतकेच जबाबदारीचे काम मानावयास हवे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेली 'आर' ही आज्ञावली आज विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्या अधिकृत परिचयपुस्तिकेचे मूळ बिल व्हेनेबल्स व डेव्हिड स्मिथ यांनी १९९० ते १९९२ या काळात ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठात लिहिलेल्या टिपणांत आहे. ती टिपणे 'आर'च्या आधीच्या 'एस' या भाषेसंबंधी होती. या पुस्तिकेच्या परिशिष्टात एक नमुना-सत्र दिलेले असून, नवशिक्याने प्रारंभ तेथूनच करावा, असे तीत सुचविले आहे. आधी आज्ञा टंकित करावी, उत्तर डोळ्यांनी पाहावे आणि मग नियम वाचावा, हा क्रम शिकणाऱ्यास धीर देणारा आहे.

सरावासाठी 'आर'मध्ये काही सामग्री आधीच समाविष्ट आहे. 'कार्स' या नावाच्या तक्त्यात १९२० च्या दशकातील मोटारींचा वेग व थांबण्यास लागलेले अंतर यांची ५० निरीक्षणे आहेत. त्यांवरून सरासरी काढणे व आलेख रेखाटणे एवढे पहिल्या पाठास पुरेसे आहे. दुसऱ्या पाठात वाचकाने स्वतःचा तक्ता आज्ञावलीत आणावा. येथे बहुतेकांची गाडी अडते. कारण तक्ता संगणकाच्या एका कप्प्यात असतो आणि आज्ञावली दुसऱ्याच कप्प्यात शोधत असते. तेव्हा येणारा चुकीचा संदेश पुस्तिकेत जसाच्या तसा छापून त्याचा अर्थ व उपाय शेजारीच द्यावा.

सर्वांत अधिक काळजी घ्यावयाची ती न मिळालेल्या माहितीबाबत. समजा, पाच व्यक्तींपैकी चौघांची वये २०, ३०, ४० व ५० आहेत आणि पाचव्याचे वय नोंदलेले नाही. अशा रिकाम्या जागी ९९ हा संकेतांक लिहिण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आढळतो. तो तसाच राहिला, तर सरासरी वय ४७.८ येते, त्या जागी शून्य धरले, तर २८, आणि उपलब्ध चार वयांची खरी सरासरी मात्र ३५ आहे. अशा आकड्यांवर योजना आखली गेल्यास चुकीचा भार अखेर लाभार्थ्यांवर पडतो.

'आर'मध्ये अशा रिक्त नोंदीसाठी 'एनए' हे चिन्ह आहे. ते असताना सरासरी विचारल्यास उत्तरही 'एनए' असेच येते. आज्ञावली बिघडली, असे नवशिक्यास वाटते. वस्तुतः ती अंदाज करण्यास नकार देत असते. रिक्त नोंदी वगळण्याची आज्ञा वापरकर्त्याने स्पष्टपणे द्यावी लागते. किती नोंदी वगळल्या, हेही अहवालात नमूद करावे, हा धडा पुस्तिकेने आरंभीच द्यावा.

मराठीत अशी पुस्तिका लिहिताना एक निराळी अडचण ध्यानात ठेवावी लागते. 'आर'च्या आज्ञा रोमन लिपीत असून तीत लहान व मोठ्या अक्षरांत भेद मानला जातो. देवनागरीत हा भेद नसल्यामुळे मराठी वाचकास तो मुद्दाम समजावून सांगणे अगत्याचे आहे. स्पष्टीकरण मराठीत असावे, आज्ञा मात्र मूळ रूपातच छापाव्यात. अन्यथा त्या चालणार नाहीत.

पुस्तिका पूर्ण झाल्यावर ती विषयाची ओळख नसलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावी व लेखकाने शेजारी मौन धरून बसावे. वाचक जेथे थांबेल, तेथे दोष वाचकाचा न मानता मजकूर सुधारावा. 'हे अगदी सोपे आहे' यासारखी वाक्येही वगळावीत. अडलेल्यास ती खुपतात. स्वतःच्या तक्त्याची सरासरी स्वतः काढून तिचा अर्थ वाचकाने दुसऱ्यास सांगितला, की परिचयपुस्तिकेचे कार्य सफल झाले, असे समजावे.