जर्मनांचा शेक्सपिअर

शेक्सपिअरची नाटके आजवर किती भाषांत गेली आणि जगातील किती रंगभूमींवर त्यांचे प्रयोग झाले, याची मोजदाद करण्याचा माझा विचार नाही. तसली यादी ऐकावयास भारदस्त वाटते, परंतु तिच्यातून हाती फारसे काही लागत नाही. मला आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. एका राष्ट्राचा नाटककार दुसऱ्या राष्ट्राचा होतो, तो कसा? आपल्याकडे शेक्सपिअर इंग्रजी अमलाबरोबर आला, क्रमिक पुस्तकांच्या आणि परीक्षांच्या वाटेने आला. त्यामुळे त्याच्या कीर्तीमागे राज्यसत्तेचे बळ होते, अशी आपली समजूत झाली असल्यास नवल नाही. पण जर्मन मुलखात इंग्रजांनी शाळा काढल्या नव्हत्या, की परीक्षाही घेतल्या नव्हत्या. तरी तेथील लोक गेली दोनशे वर्षे त्याला ‘आमचा शेक्सपिअर’ असे म्हणत आले आहेत. हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज नटांच्या फिरत्या मंडळ्या जर्मन शहरांतून आणि दरबारांतून खेळ करीत हिंडत असत. प्रेक्षकांना इंग्रजी समजत नसे. म्हणून तलवारीची झुंज, गाणेबजावणे आणि विदूषकाच्या कोलांट्या यांवर खेळाचा भर असे. १६२६ साली ड्रेस्डेन येथे अशाच एका मंडळीने डेन्मार्कच्या राजपुत्राचे, म्हणजे हॅम्लेटचे, नाटक करून दाखविल्याची नोंद आहे. हे कोणी लिहिले, असे मात्र कोणी विचारले नाही. नाटककाराचे नाव जर्मन वाचकांच्या कानी नीट पडावयास आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

त्या काळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी शेकडो संस्थाने होती, आणि त्यांच्या दरबारांत प्रतिष्ठेची भाषा होती फ्रेंच. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक स्वतः फ्रेंचमध्ये लिहीत असे. शेक्सपिअरची नाटके कॅनडातील रानटी लोकांच्याच लायकीची आहेत, असे त्याने १७८० साली लिहून ठेवले आहे. लाइप्झिगचा पंडित गोटशेड याचे म्हणणे असे होते की, स्थळ, काळ आणि कृती यांच्या ऐक्याचे फ्रेंच नियम पाळल्याखेरीज जर्मन नाटक सुधारणार नाही. या मतावर १७५९ साली लेसिंग या तरुण टीकाकाराने कडाडून हल्ला चढविला. जर्मन माणसाचा पिंड फ्रेंचांपेक्षा इंग्रजांना जवळचा आहे, आणि आपल्याला गुरूच करावयाचा असेल तर तो शेक्सपिअरला करावा, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जर्मनांना शेक्सपिअर हवा होता तो इंग्लंडच्या प्रेमाने नव्हे. फ्रेंच रीतिरिवाजांच्या ओझ्याखालून स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी त्यांना तो हवा होता.

पुढची हालचाल झपाट्याने झाली. बिबेराख नावाच्या एका लहानशा गावी व्हीलांट हा कवी नगरपालिकेच्या कचेरीत नोकरीस होता. त्याने १७६१ साली गावातील हौशी मंडळींकडून ‘टेम्पेस्ट’ नाटक करविले. नाटकगृह होते खाटिकखान्याच्या माडीवर! १७६२ ते १७६६ या अवधीत त्याने शेक्सपिअरची २२ नाटके जर्मनमध्ये आणली, तीही बहुतेक सारी गद्यात. ती वाचून एक पिढी वेडी झाली. १७७१ च्या १४ ऑक्टोबरला, पंचांगात ‘विल्यम’ या नावाचा सण होता त्या दिवशी, बावीस वर्षांच्या गटेने फ्रँकफुर्ट येथील आपल्या घरी मित्रांपुढे शेक्सपिअरच्या गौरवाचे भाषण केले. हॅम्बुर्गला श्रोडर या नटाने १७७६ साली ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर आणले, पण प्रेक्षकांना झेपेना म्हणून शेवटी राजपुत्राला जिवंत ठेवले. त्याच वर्षीच्या ‘ऑथेल्लो’च्या प्रयोगात तर माणसे बेशुद्ध पडली असे सांगतात. तेव्हा त्या नाटकाचाही शेवट त्याने गोड करून टाकला. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

इतके होऊनही शेक्सपिअर जर्मन झाला असे म्हणता येत नव्हते. कथानके आली होती, पण वाणी आली नव्हती. ती आणली आउगुस्ट विल्हेल्म श्लेगल याने. १७९७ ते १८१० या काळात त्याने सतरा नाटकांचे भाषांतर केले. मुळात जेथे पद्य तेथे पद्य, जेथे गद्य तेथे गद्य, आणि शक्य तोवर ओळीस ओळ, असा त्याचा कटाक्ष होता. इंग्रजीतील निर्यमक पद्य जर्मन कानाला तोवर अगदीच अनोळखी राहिले नव्हते, कारण लेसिंगने आपले ‘नाथान’ हे नाटक १७७९ साली त्याच वृत्तात लिहिले होते. श्लेगलने त्याला असा काही गोडवा दिला की नाटकातील वाक्ये लोकांच्या बोलण्यात म्हणींसारखी रुळली. मूळचा ग्राम्य विनोद त्याने सोवळा करून टाकला आणि खडबडीत जागा घासून गुळगुळीत केल्या, हा त्याच्यावरील आक्षेप मला खरा वाटतो. परंतु मूळ लेखक परक्या कानात शिरावयाचा असेल तर त्या कानाला परिचित असा ताल त्याला धरावाच लागतो. आपल्या गोव्यातच याचा दाखला आहे. शेक्सपिअरचा समकालीन आणि देशबांधव फादर थॉमस स्टीफन्स याने ख्रिस्तचरित्र मराठीत सांगावयाचे ठरविले, तेव्हा त्याने ओवी हाती धरली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून निघाले ते १६१६ साली, म्हणजे ज्या वर्षी शेक्सपिअर वारला त्याच वर्षी.

श्लेगलने सोडलेले काम लुडविग टीक याने १८२५ ते १८३३ या काळात पुरे करविले. पुरे करविले असेच म्हटले पाहिजे, कारण उरलेल्या नाटकांपैकी तेरा बाउडिसिन या सरदाराने आणि सहा टीकची कन्या डोरोथेआ हिने भाषांतरित केली. ‘मॅक्बेथ’ तिचेच. ग्रंथावर मात्र श्लेगल आणि टीक हीच दोन नावे आली आणि आजही ती आवृत्ती त्याच जोडनावाने ओळखली जाते. जर्मन घराघरांतून पिढ्यान्पिढ्या पाठ झालेले ‘मॅक्बेथ’ एका तिशीतल्या अविवाहित मुलीने लिहिले होते, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असे.

हाच श्लेगल पुढे बॉन विद्यापीठात संस्कृतचा प्राध्यापक झाला आणि १८२३ साली त्याने भगवद्गीतेची संहिता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना रुचेल. व्हिएन्ना येथे १८०८ साली त्याने दिलेली नाट्यविषयक व्याख्याने इंग्रजीतही गेली, आणि इंग्रज टीकाकार आपल्याच नाटककाराकडे जर्मन चष्म्यातून पाहू लागले.

एवढ्या आपुलकीला दुसरी बाजूही होती. १८४४ मध्ये फ्रायलिग्राट या कवीने जर्मन राष्ट्राला हॅम्लेटची उपमा दिली, कारण विचार पुष्कळ आणि कृती शून्य! १८६४ साली वायमार येथे जर्मन शेक्सपिअर संस्था स्थापन झाली. येथवर ठीक होते. पण १९१५ साली, इंग्लंडशी युद्ध चालू असता, हाउप्टमान या नोबेल पारितोषिक मिळालेल्या नाटककाराने असे म्हटले की शेक्सपिअर जन्मला व पुरला गेला इंग्लंडात, तथापि तो खराखुरा जगतो तो जर्मनीतच. प्रेमाचा असा मालकीहक्क झाला. नाझी अमलात शत्रुराष्ट्रांच्या लेखकांवर बंदी आली, तरी शेक्सपिअरला तीतून वगळण्यात आले. १९४३ साली व्हिएन्ना येथे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा प्रयोग झाला, त्यात वेर्नर क्राउस या नामांकित नटाने शायलॉक किळसवाणा करून दाखविला. त्या वेळी त्या शहरातील हजारो ज्यूंची मृत्यूच्या छावण्यांकडे रवानगी होऊन गेली होती. शेक्सपिअर मनाला उदार करतो असे आपण शिक्षक मंडळी वर्गात सांगत असतो. ते सांगताना हा प्रयोग विसरू नये असे मला वाटते.

युद्धानंतर देशाची फाळणी झाली, आणि १९६३ मध्ये ती शेक्सपिअर संस्थाही दुभंगली, पूर्वेची वायमारला, पश्चिमेची बोखुमला. १९९३ साली त्या पुन्हा एक झाल्या. त्यापूर्वी, १९८९ च्या उन्हाळ्याअखेरीस, पूर्व बर्लिनमध्ये हायनर म्युलर याने ‘हॅम्लेट’च्या तालमी सुरू केल्या होत्या. तालमी चालू असतानाच बर्लिनची भिंत कोसळली. हॅम्लेट करणारा उलरिख म्युहे ४ नोव्हेंबरच्या प्रचंड सभेत स्वतः बोलला होता. १९९० च्या मार्चमध्ये पडदा वर गेला, तेव्हा बाहेरचे राज्य विलयाला निघाले होते. रंगभूमीवर डेन्मार्कचे कुजलेले राज्य कोसळताना पाहणाऱ्या प्रेक्षकाला ते कोणत्या देशाचे आहे हे सांगावे लागले नसेल.

आपण मराठी माणसांनी शेक्सपिअर घेतला तो निराळ्या तऱ्हेने. जर्मनांनी पात्रांची नावे तशीच ठेवून त्यांची जीभ बदलली, आपण माणसेच बदलली. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात हाती घेतलेल्या आणि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विकारविलसिता’त हॅम्लेटचा चंद्रसेन झाला, आणि गणपतराव जोशी यांनी तो गाजविला. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा झुंझारराव केला. १९७० साली शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’त राजा लिअरचे राज्यही गेले. उरला एक म्हातारा नट, ज्याने आयुष्यभर शेक्सपिअरच्या भूमिका केल्या आणि आपले होते नव्हते ते मुलांना देऊन टाकले. ते नाटक पाहून डोळे पुसणाऱ्या किती प्रेक्षकांना लिअर आठवला असेल? मला तर दोन्ही तऱ्हा आवडतात. ज्यांना त्या शेजारी शेजारी ठेवून पाहावयाच्या असतील, त्यांनी विंदा करंदीकरांचे १९७४ सालचे ‘राजा लिअर’ हे भाषांतर आणि ‘नटसम्राट’ ही एकापाठोपाठ वाचावीत. आधी ‘लिअर’ वाचलेले बरे.