दुधापुरते ऊन

दूध पाश्चराइझ करायला 72 अंश सेल्सिअस पुरतात, तेही 15 सेकंदच. त्यासाठी डेअरीच्या बॉयलरमध्ये फर्नेस ऑइल जळते आणि त्या ज्वाळेचे तापमान हजार अंशांच्या पुढे असते. काम 72 अंशांचे, आग हजाराची. मधल्या अंशांचे काय होते, हे बॉयलरवाला विचारत नाही, कारण तेलाचे बिल लिटरमध्ये येते, अंशांमध्ये नाही.

आयआयटी मुंबईत हा प्रश्न विचारण्याची सवय जुनी आहे. तिथे यांत्रिकी अभियांत्रिकी शिकवणारे आणि पुढे संस्थेचे संचालक झालेले प्रा. सुहास सुखात्मे यांचे सौरऊर्जेवरचे पाठ्यपुस्तक 1980च्या दशकात आले. नंतरच्या आवृत्तीत प्रा. जे. के. नायक सहलेखक झाले. देशभरातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यावर परीक्षा देत आल्या. आज सौरऊर्जा म्हटले की छपरावरचे विजेचे पॅनेल डोळ्यांसमोर येते. या पुस्तकाचा मुख्य विषय मात्र ऊन गोळा करून ते उष्णता म्हणूनच कसे वापरायचे आणि साठवायचे, हा आहे. पवईत आता ऊर्जाविज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे.

याच विभागातले प्रा. शिरीष केदारे यांनी मुंबईच्या क्लिक डेव्हलपमेंट्स या कंपनीच्या साथीने एक यंत्र उभे केले. त्याचे नाव ‘अरुण’. पहिले अरुण 2005-06च्या सुमारास लातूरला, महानंद डेअरीत बसले.

यंत्र अवाढव्य आहे. आरशांचा विस्तार सुमारे 160 चौरस मीटर, म्हणजे एखाद्या ऐसपैस फ्लॅटच्या क्षेत्रफळाएवढा, आणि तो सगळा डोलारा उंच आधारावर तोललेला. एवढी मोठी अखंड वक्र बशी घडवणे महागाचे काम, शिवाय वाऱ्याला ती शिडासारखी अडवणार. म्हणून इथे फ्रेनेलची युक्ती वापरली आहे: एका सपाट सांगाड्यावर आरशांचे छोटे तुकडे वेगवेगळ्या कोनांत असे बसवायचे की सगळ्यांचे किरण एकाच जागी पडावेत. तुकड्यांमधल्या फटींतून वारा निघून जातो. केंद्रस्थानी नळ्यांचे वेटोळे असलेला रिसीव्हर असतो. त्यातून दाबाखालचे पाणी फिरते आणि तापते. सूर्य आकाशात तासाला 15 अंश सरकतो, ऋतूनुसार उत्तर-दक्षिणही होतो. त्यामुळे हा सगळा डोलारा दोन अक्षांवर दिवसभर त्याच्या मागे वळत राहतो, आणि रिसीव्हरही त्याच्याबरोबर.

हाती किती लागते? ढोबळ हिशोब मांडता येतो. स्वच्छ दुपारी चौरस मीटरमागे 800 वॅट थेट ऊन धरले आणि त्यातले साठ टक्के पाण्यात उतरले, तर अरुणची शक्ती 75 किलोवॅटच्या आसपास जाते. असे सहा तास मिळाले, तर बॉयलरमधले पन्नासेक लिटर तेल वाचते. आकडा फार मोठा वाटत नाही. पण पाश्चरायझरची गंमत अशी की, तापलेले दूध बाहेर पडताना आत येणाऱ्या थंड दुधाला आपली बहुतेक उष्णता देऊन जाते. बाहेरून घालावी लागते ती फक्त उरलेली तूट. म्हणून एका अरुणच्या उन्हात हजारो लिटर दुधाचे काम भागू शकते.

आणखी एक अडचण घड्याळाची. गावोगावच्या केंद्रांवर दूध सकाळी आणि संध्याकाळी गोळा होते, ऊन मात्र भर दुपारचे. ही गाठ घालायला उष्णतारोधक टाकीत दाबाखालचे गरम पाणी साठवून ठेवतात. विजेची बॅटरी आणि ही टाकी यांच्या किमतीत किती फरक पडतो, हे कुठल्याही डेअरीच्या हिशोबनिसाला सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्रात याच्या शेजारचा दुसरा प्रयोग शिर्डीला पाहायला मिळतो. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 2009मध्ये 73 शेफलर डिश बसल्या. वोल्फगांग शेफलर यांच्या या रचनेत बशी फिरते, पण केंद्रबिंदू जागचा हलत नाही. त्यामुळे वाफेचे पाइप स्थिर ठेवता येतात. शिर्डीत लहान डिशची रांग, लातूरला एकच दांडगे यंत्र. भाविकांची संख्या बघता शिर्डीचा प्रयोग जास्त लोकांच्या ताटापर्यंत पोचला, हे मान्य करायला हवे.

तरीही हे तंत्र गावोगाव पसरले नाही. त्याची कारणे लपलेली नाहीत. आरसे फक्त थेट किरण एकवटतात. ढगाळ हवेतला पसरलेला उजेड त्यांना निरुपयोगी. म्हणजे पावसाळ्यात जुना बॉयलर हवाच, आणि दोन यंत्रणांचा खर्च एकाच दुधावर पडतो. आरशांवर धूळ बसते, त्यांना धुवायला माणूस आणि पाणी लागते. त्यात विजेची सौरपॅनेल इतकी स्वस्त झाली की ‘छपरावर पॅनेल टाका आणि विसरा’ हा सल्ला सगळ्यांना सोपा वाटू लागला. सरकारी उद्दिष्टेही मेगावॅट विजेत मोजली जातात. उष्णतेचा रकाना तिथे दुय्यम.

आता तर पॅनेलची वीज आणि उष्णता पंप यांची जोडी 72 अंश सहज गाठते. त्यामुळे दुधापुरते बोलायचे, तर अरुणची बाजू पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. कपड्यांच्या गिरण्या, रसायनांचे कारखाने, मोठ्या लाँड्र्या यांना 150 ते 250 अंशांची वाफ लागते. तिथे उष्णता पंप धापा टाकतो आणि एकवटलेले ऊन अजूनही टिकून आहे.

नवा बॉयलर घ्यायला निघालेल्या सहकारी दूध संघांनी आणि कारखान्यांनी कोटेशन मागवण्याआधी आपल्या प्रत्येक कामाला नेमके किती अंश लागतात, याची यादी एखाद्या ऊर्जा अभियंत्याकडून करून घ्यावी. तेवढ्या यादीनेही बॉयलरचा आकार कमी होऊ शकेल.